विझलेल्या चुली

पूर्वी मिथिला नगरीत धर्मसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मले आणि बापामागे तांड्याचे प्रमुख होऊन दूरदूरच्या मुलखांत व्यापार करू लागले. एका उन्हाळ्यात तांडा डोंगरापलीकडच्या अनोळखी रानात शिरला. तिथली भाषा जाणणारा वाटाड्या वाटेतच तापाने दगावला होता, पखाली कोरड्या पडल्या होत्या आणि बैलांच्या तोंडाला फेस आला होता. दुपार कलताना एक वस्ती दिसली. वस्तीच्या मधून झरा वाहत होता.

तांडा जवळ येताच वस्तीतली माणसे उठून उभी राहिली. कोणी हसले नाही, कोणी 'या' म्हटले नाही. मग घराघरांतून बायका निघाल्या आणि दारापुढच्या पेटत्या चुलींवर त्यांनी पाणी ओतले.

तांड्यातल्या माणसांच्या अंगावर काटा आला. मिथिलेत घरातले माणूस गेले की चूल विझते. दारी आलेल्याला पाहून ती विझवायची म्हणजे, तू आम्हाला मेलास, असे तोंडावर सांगायचे. बोधिसत्त्वांचा भाचा सोमिल तिरंदाजांचा नायक होता. मुलगा शूर होता, पण धीर म्हणून नव्हता. त्याने धनुष्याला बाण लावला आणि त्याचे पाहून इतरांनीही लावले.

"मामा," तो म्हणाला, "पाणी तर देणार नाहीतच, वर जिवंतपणी आपलं सुतक धरलंय. तुम्ही बाजूला व्हा."

राग बोधिसत्त्वांनाही आला होता. आला नव्हता असे सांगणे खोटे होईल. पण त्यांची नजर समोरच्या रांगेवर होती. तिथे बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर पोरे होती. मारामारीला निघालेले माणूस पोर कडेवर घेत नाही. हे लोक काहीतरी सांगत आहेत आणि आपल्याला ते कळत नाही, एवढेच त्यांना उमगले.

तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून निघाली आणि सरळ तांड्याकडे येऊ लागली. तिच्या हातात वाळल्या गवताची चूड होती. गाड्या पेटवायला आली, असे मागे कोणीतरी म्हणाले. चूड पेटलेली नाही हे बोधिसत्त्वांनी पाहिले आणि ते धावत जाऊन तिच्यापुढे आडवे उभे राहिले. सोमिलचा बाण सुटलाच होता. तो मामाच्या उजव्या दंडात रुतला.

वस्तीतल्या पुरुषांनी भाले उचलले. बोधिसत्त्व नुसते कण्हले असते, तरी दोन्हीकडची माणसे एकमेकांवर तुटून पडली असती. ते कण्हले नाहीत. म्हातारीने बाणाकडे पाहिले, त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि ती न पेटलेली चूड पुढे केली.

तेव्हा त्यांना कळले. ती विस्तव मागत होती.

त्यांनी गाडीखाली टांगलेले निखाऱ्यांचे मडके मागवले. उजवा हात उचलेना, म्हणून चिमट्याने निखारा धरला तो डाव्या हातात, आणि तिथे ते अडले. डाव्या हाताने देणे हा मिथिलेत अपमान. त्यांना मनापासून लाज वाटली. म्हातारीला त्या लाजेचे कारण ठाऊक नव्हते, पण लाज दिसली. तिने आपली चूड उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि निखाऱ्याला लावली.

त्या जाळावर साऱ्या वस्तीच्या चुली पेटल्या. पुरुषांनी भाले टाकले आणि तांड्याचे बैल स्वतः झऱ्यावर नेले. पाहुण्याने आणलेल्या विस्तवावर अन्न शिजले की पाहुणा घरचा होतो, अशी त्यांची रीत होती. बोधिसत्त्वांच्या दंडाला पाला बांधला जात असताना सोमिल समोर बसून होता. त्याने धनुष्याची दोरी उतरवून ठेवली.

पुढे बोधी मिळवून भिक्खूंचे गुरू झालेल्या शास्त्यांनी ही कथा कोंडिल नावाच्या भिक्खूला सांगितली. सीमेवरच्या मुलखातून आलेला एक भिक्खू वंदन करताना हात न जोडता डोळे मिटून उभा राही, म्हणून कोंडिलाने त्याला पंगतीतून उठवले होते.

"कोंडिला, तेव्हाचा सार्थवाह मी होतो," शास्ते म्हणाले. "चूड घेऊन आलेली म्हातारी म्हणजे तू उठवलेला हा भिक्खू. आणि बाण सोडणारा तू होतास."

कोंडिल उठला, त्या भिक्खूपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. समोरच्याचे म्हणणे कळेपर्यंत आपला हात आवरून धरणे, या गुणाला शास्ते क्षांती म्हणत.