मानाच्या पागोट्याची कुंची

गोदेच्या वळणावर वाकवेढे नावाचे लहानसे गाव. चैत्रातल्या जत्रेच्या सुमारास श्रीतुळशीनाथ महाराज तिथे मुक्कामाला होते. मठ नाही, गादी नाही. भैरोबाच्या देवळामागच्या पडवीत एक घोंगडी अंथरलेली, तेच त्यांचे घर. अंगावर कफनी, तीही लोकांच्या जुन्या धोतरांचे तुकडे जोडून केलेली. पण जोडकाम असे बेमालूम, की शिवण शोधायला डोळ्यांत तेल घालावे लागे. ती शिवली होती बयजा शिंपिणीने. आजची हकिगत या बयजेचीच आहे, तेव्हा मंडळी, जरा सावरून बसा.

बयजेचा नवरा शिंपीकाम करता करताच वारला. त्याच्यामागे कातर तिच्या हाती आली खरी, पण बाईमाणसाच्या हाती कोरे कापड द्यायला गाव धजेना. कोरे कापड तालुक्याच्या शिंप्याकडे जाई आणि बयजेकडे येई ते जुनेर. तिने कधी तोंड वाकडे केले नाही. आजोबाच्या धोतरातून नातवाचा सदरा काढावा, आईच्या विरलेल्या लुगड्यातून लेकीचा परकर काढावा, विटलेला कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा नव्यासारखा उभा करावा. तान्ह्या बाळाला तर आपल्याकडे जुने, मऊ पडलेले कापडच लागते. त्यामुळे झबली, दुपटी आणि डोक्यापासून पाठीपर्यंत बाळाला झाकणाऱ्या कुंच्या यांत बयजेचा हात कधी रिकामा नसे. कातर लावण्याआधी ती महाराजांचे स्मरण करी, मगच कापी.

गावचे देशमुख हैबतराव यांना मात्र तिचा हा उद्योग बघवत नसे. "चिंध्यांची शिंपीण" म्हणून ते तिला हाक मारत आणि सोबतची माणसे खो खो हसत. हैबतरावांचे घर मोठे, आणि घराचा मान त्याहून मोठा. भैरोबाच्या पालखीला पहिला खांदा देशमुखांचा, आणि तो द्यायचा तो घराण्यातले मानाचे पागोटे बांधूनच. कुण्या पणजोबाला ते देवाच्या दारी मिळाले होते. वर्षभर ते बांधलेल्या आकारात पेटीत असे; हैबतरावांनी ते कधी उलगडलेले पाहिलेच नव्हते.

आता गंमत बघा. त्या वर्षी वहिनीसाहेबांनी, म्हणजे देशमुखांच्या पत्नीने, जत्रेआधी पेटी उघडली तर पागोट्याला कुबट वास येत होता. त्यांनी ते उलगडले, धुतले आणि परसात दोरीवर वाळत घातले. उलगडलेले पागोटे म्हणजे काय, फिकट पडलेल्या गुलाबी मलमलीची लांबच लांब पट्टी! वहिनीसाहेब देवळात रांगोळीला गेल्या आणि नेमकी तेव्हाच बयजा जुनेर मागायला दारात आली. कोळीवस्तीतल्या हिराला लेकरू झाले होते आणि त्याच्या अंगावर घालायला घरात धड फडके नव्हते.

"चिंध्या हव्यात होय? थांब," असे म्हणून हैबतरावांनी ओसरीवरचे जुने कपडे गोळा केले, जाता जाता दोरीवरची ती पट्टीही ओढली आणि बोचके तिच्या पुढ्यात टाकले. "घे. तुझ्या त्या पडवीतल्या देवाला पण यातलीच एखादी लंगोटी शीव."

बयजेने बोचके उचलले. घरी येऊन तिने ती मलमल हातात घेतली आणि तिचे मन कसे निवले. हे पागोटे आहे हे तिला कळले, पण देशमुखांकडे पागोट्यांना काय तोटा! इतके मऊ कापड तान्ह्यालाच शोभेल. तिने महाराजांचे नाव घेतले, कातर लावली, आणि त्यातून कुंची बेतली, दोन झबली बेतली, उरल्यातून दुपटे जोडले. दृष्ट लागू नये म्हणून कुंचीच्या टोकाला लाल दोऱ्याची एक फुली काढली आणि हिराच्या झोपडीत जाऊन बाळाला आपल्या हाताने घातली.

जत्रेच्या सकाळी देशमुखांच्या घरात एकच हलकल्लोळ उडाला. पेटीत पागोटे नाही! वहिनीसाहेब पहाटेच देवळात गेलेल्या, दोरीवरून ते कुणीतरी काढून ठेवले असेल अशा समजुतीत. शोधाशोध झाली, गडीमाणसांची झडती झाली, आणि कोणीतरी येऊन सांगितले की त्याच रंगाची कुंची हिराच्या पोराच्या डोक्यावर आहे. हैबतराव तडक बयजेच्या दारी आले.

"मानाचं पागोटं चोरून चिंध्या केल्यास?"

"मालक, तुमच्याच हातानं दिलंत. त्या बोचक्यात होतं," बयजा कशीबशी म्हणाली.

"मी? घराण्याचा मान मी बोचक्यात बांधून देईन?" हैबतराव कडाडले. "हे खोपट माझ्या जागेत आहे. पालखी देवळात परत यायच्या आत गाव सोड. दिसलीस तर सामान गोदेत टाकीन."

बयजेच्या पायांखालची जमीन सरकली. नवऱ्याच्या हातचे खोपट जाणार, हे दुःख होतेच. पण देवाच्या कार्यातली वस्तू आपल्या कातरीने कापली गेली, हे तिच्या जिवाला जास्त लागले. ती धावत पडवीत गेली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. रडत रडत सगळे सांगितले.

महाराजांनी शांतपणे ऐकले. "बाळाला कुंची नीट बसली का गं?" त्यांनी विचारले.

"बसली जी. पण महाराज, देवाचा मान..."

"देवाचा मान देव बघेल. तू काही खाल्लेलं दिसत नाहीस. पडवीत भाकरी आहे, खाऊन घे आणि पालखीला ये."

भाकरी तिने तशीच झाकून ठेवली. पण महाराजांनी ये म्हटले, म्हणून ती गेली आणि देवळाच्या पायऱ्यांजवळ बायकांच्या मागे अंग चोरून उभी राहिली.

हैबतरावांनी नवे कोरे जरीचे पागोटे बांधले होते. ऐटीत येऊन त्यांनी दांड्याला खांदा लावला. भोयांनी हाक दिली, ढोल घुमला. पालखी हलेना. पुन्हा जोर केला, दांडा करकरला, भोयांच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण पालखी जागची तसूभर उठेना. आणखी गडी लागले. तेही घामाघूम होऊन बाजूला झाले. ढोल आपोआप थांबला आणि जत्रेत कुजबुज सुरू झाली. "पागोट्याशिवाय देव हलत नाही," कुणी म्हणाले. बयजेने डोळे मिटून घेतले. आता गाव आपल्याला उभे जाळणार, असे तिला वाटले.

इतक्यात महाराज गर्दीतून पुढे आले. हैबतरावांच्या तोंडचे पाणी पळाले होते. ते म्हणाले, "महाराज, या बाईनं घात केला. पागोटं राहिलं नाही."

"राहिलं नाही कसं?" महाराज म्हणाले. "आहे की. ते बघा तिथं."

त्यांनी बोट दाखवले तिकडे सगळ्यांच्या माना वळल्या. पायऱ्यांच्या खाली हिरा उभी होती, कुशीत लेकरू, लेकराच्या डोक्यावर फिकट गुलाबी कुंची. हिरा घाबरून मागे सरकू लागली, तसे महाराजांनी तिला हाताने बोलावले. "ये माय, वर ये. देव तुझ्यासाठी थांबलाय."

महाराजांनी लेकरू हैबतरावांच्या हातांत दिले. त्यांनी ते अवघडून छातीशी धरले.

"पागोटं असं धरतात का, हैबतराव?" महाराज म्हणाले. "डोक्यावर घ्यायचं ते."

जमलेली माणसे टाचा उंचावून बघू लागली. कोळ्याचे पोर, आणि देशमुखांच्या डोक्यावर! हैबतरावांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी एका हाताने जरीचे पागोटे काढून वहिनीसाहेबांकडे दिले. ते घेता घेता वहिनीसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, मीच धुऊन दोरीवर घातलं होतं. ते ओढलं कुणी?"

हैबतरावांना ती दोरी आठवली, आपला हात आठवला. दोन्ही हातांनी त्यांनी लेकराला उचलले आणि उघड्या डोक्यावर अलगद धरले. बाळाने मुठीत त्यांचे केस गच्च पकडले आणि ओढले. बायकांत हसू फुटले, आणि काय सांगावे, स्वतः हैबतरावही हसले.

महाराज भोयांना म्हणाले, "चला रे, उचला आता."

हैबतरावांनी लेकराला तसेच धरून दांड्याखाली खांदा दिला आणि पालखी फुलासारखी वर आली. भोई एकमेकांकडे बघतच राहिले. ढोल पुन्हा घुमला, गुलाल उडाला, भैरोबाच्या नावाचा गजर झाला आणि बयजेचा जीव भांड्यात पडला. तिला एवढे हलके वाटले, की ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने पोटभर रडून घेतले. शेजारणीने तिला पदराने वारा घातला.

गावाला फेरी घालून पालखी परतली. कुंची परत द्यायला हिरा तिची नाडी सोडू लागली, तर हैबतरावांनी तिला थांबवले. "राहू दे, बाई. ते आता त्याचंच." मग ते महाराजांच्या पायांशी वाकणार, तोच महाराजांनी पाय आखडून घेतले. "इथं नंतर. आधी जिला गाव सोडायला सांगितलंत तिच्याकडं जा."

बयजा धडपडत उठली. हैबतराव तिच्यासमोर आले. त्यांनी जरीचे नवे पागोटे मागून घेतले आणि तिच्या पुढ्यात पायरीवर ठेवले.

"बयजाबाई, खोपट तुमचंच आहे. दिलं मी आणि चोर ठरवलं तुम्हाला," ते म्हणाले. "एवढं आणखी एक काम करा. हेसुद्धा कापा. गावात ज्याच्या अंगावर काही नाही, त्याला होईल ते शिवा."

"मालक, हे कोरं आहे हो," बयजा चाचरली. "आजवर कोरं कापड मला कुणी दिलं नाही."

"मी देतो," हैबतराव म्हणाले, आणि उघड्या डोक्याने, साऱ्या जत्रेदेखत, शिंपिणीसमोर खाली वाकले.