इंजिनाला आग्रह

एका गावात एक भोळा पिकअपवाला होता. भोळा हा माझा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही.

नाव गेनू. मन निर्मळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोड एकच. सांगितलेलं विसरायचा नाही. तुम्ही म्हणाल, ही कसली खोड, हा तर गुण झाला. थांबा जरा.

गेनूची बायको सगुणा. ती म्हशी पाळायची, दही लावायची, चक्का बांधायची आणि तालुक्याच्या बाजारात नेऊन विकायची. पूर्वी मडकी डोक्यावर घेऊन एसटीला उभी राहायची. कंडक्टर आधी मडक्यांकडं बघायचा, मग सगुणाकडं बघायचा आणि घंटी मारून गाडी सोडायचा. लेकीचे हे हाल बघून तिच्या वडिलांनी, हरिबांनी, आपली जुनी पिकअप तिच्या दारात आणून लावली. वापरायला लावली बरं का. दिली नव्हती.

त्या पिकअपवर हरिबांनी उभा जन्म काढला होता. ऊस वाहिला, कांदे वाहिले, वऱ्हाडं वाहिली. किलोमीटर मोजणारा काटा मोजून मोजून थकला आणि बंद पडला, गाडी नाही पडली. आता हरिबांची नजर कमी आली होती. ते म्हणाले, दसऱ्याला येतो. पूजा होऊ दे, जेवण होऊ दे, मग निवांत बसून इंजिनाचा आवाज ऐकतो. आवाज मनासारखा असला तर गाडी सगुणाच्या नावावर. नसला तर पुतण्या भिकू ती भंगारात घालायला टपलेलाच आहे.

सगुणानं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "गाडीला जपा आणि आबांना जपा. दोघांतलं एक जरी बिघडलं, तर माझी मडकी परत डोक्यावर."

"जपतो," गेनू म्हणाला. आणि त्यानं जपलं. तेच तर सांगायचंय.

एक दिवस गाडी निळा धूर सोडायला लागली. गेनू ती घेऊन बाजारातल्या शौकत मिस्त्रीकडं गेला. शौकतनं बॉनेट उघडून बघितलं. म्हणाला, नव्या इंजिनात फटी बारीक असतात, तिथं पातळ तेल चालतं. हिचं आतलं सगळं झिजलंय. पातळ घातलं की फटीतून निसटतं आणि जळतं. "ध्यानात ठेव गेनूभाऊ. जुन्याला घट्ट, नव्याला पातळ." घट्ट तेलाचा डबा नेमका संपला होता, म्हणून त्यानं पुढच्या बाजाराला यायला सांगितलं.

गेनू घोकत घोकत घरी आला. जुन्याला घट्ट, नव्याला पातळ. घरी बघतो तर हरिबा आलेले. दसऱ्याला अजून अवकाश होता, पण लेकीच्या घरी यायला म्हाताऱ्या बापाला मुहूर्त लागत नाही. एसटीच्या धक्क्यांनी त्यांचं पोट बिघडलं होतं. सगुणा गोठ्यात धार काढायला बसलेली. तिथूनच तिनं गेनूला सांगितलं, आबांना जरा पेज करून द्या. पेज कशी असते ते सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

गेनूनं सासऱ्याकडं नीट बघितलं. दात झिजलेले, गुडघे झिजलेले. त्यानं पेजेत पीठ घातलं. ढवळलं, आणखी घातलं. पळी पातेल्यात न धरता उभी राहिली तेव्हा त्याचं समाधान झालं.

"ही पेज आहे?" हरिबांनी विचारलं.

"घट्टच पाहिजे मामा. तुमचं आतलं सगळं झिजलंय. पातळ दिलं तर फटीतून निसटेल."

जावयाच्या घरचं अन्न, टाकायचं कसं? हरिबांनी खाल्लं. मग ते बरेच दिवस सकाळी तांब्या घेऊन जायचे आणि होते तसे परत यायचे. गोठ्यात नुकतंच जन्मलेलं एक रेडकू होतं. ते नवं. गेनूनं त्याला म्हशीचा चीक पाणी घालून पाजला. रेडकानं त्याला लाथ मारली. जनावराला अक्कल असते.

सगुणानं कपाळावर हात मारला. "म्हातारं माणूस ते. त्याला पातळ द्यायचं असतंय. पातळ असलं की सुखानं उतरतंय."

"कळलं," गेनू म्हणाला.

आणि घोळ झाला तो इथंच. याला नुसतं कळलं नाही तर चालायचं. कळलं की संपलं.

पुढच्या बाजाराला शौकत कुठं तरी बंद पडलेला ट्रॅक्टर बघायला गेला होता. गेनू सरळ तेलाच्या दुकानात शिरला. दुकानदारानं विचारलं, कसलं देऊ? गेनू म्हणाला, दुकानातलं सगळ्यात पातळ द्या. म्हातारी गाडी आहे, सुखानं उतरलं पाहिजे.

उतरलं. इतकं सुखानं उतरलं की गाडी वेशीवर आली तेव्हा मागचा रस्ता दिसत नव्हता. गावाला वाटलं, डासांची फवारणी करणारे आले. बायकांनी पाण्याच्या घागरी झाकल्या, दारंखिडक्या लावून घेतल्या. सरपंच तर बाहेर येऊन म्हणाले, आमच्या गटारीवर पण मारा.

शौकत परत आल्यावर त्यानं पातळ तेल काढलं, घट्ट तेल भरलं, आणि धूर थांबला. गेनूला इतका आनंद झाला की तो म्हणाला, मिस्त्री, हिला एकदा आतून धुऊन काढू या का? शौकत दचकलाच. म्हणाला, तसलं काही करू नकोस. जुन्या इंजिनात मळ बसलेला असतो. त्या मळानंच सांधे धरून ठेवलेत. मळ काढलास की जागोजाग गळायला लागेल.

कळलं, गेनू म्हणाला.

घरी सगुणानं बंब पेटवला होता. हरिबा पंचा नेसून, दगडावर बसून, पाठ चोळून घ्यायच्या तयारीत होते. गेनूनं आधी साबण उचलून खिशात घातला. मग अंग घासायची वजरी उचलली.

"अरे, अंघोळ करायचीय मला."

"नको मामा. मळानंच धरलंय तुम्हाला. मळ काढला तर जागोजाग गळाल."

आणि कढत पाण्याची बादली उचलून त्यानं विसण घातलं आणि म्हशीच्या अंगावर ओतली. म्हशीनं डोळे मिटून घेतले. तिचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. हरिबा थोडा वेळ पंच्यावर कुडकुडत बसले, मग स्वतःच आडावर गेले आणि गार पाणी अंगावर ओतून घेतलं. जाताना ते जे पुटपुटले ते जावयाला ऐकू आलं नाही, हे बरं झालं.

सगुणा आता रडकुंडीला आली. एवढा सण तोंडावर आलाय, म्हणाली. सणाला आतून-बाहेरून घासून स्वच्छ व्हायला पाहिजे का नको? गेनूनं विचार केला. पाहिजे. मग तो बाहेर गेला, इंजिनात डिझेल ओतून ते चालू केलं आणि आतला सगळा मळ धुऊन काढला. अगदी मन लावून. वर परत तेल भरलं.

सकाळी गाडीखाली काळं तळं. कोंबड्या त्यातून चालल्या आणि नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्यांनी काळ्या पायांची रांगोळी काढली. सगुणानं गाडीखाली घमेलं सरकवलं, वर पोतं टाकलं आणि बापाची नजर कमी आहे याबद्दल देवाचे आभार मानले. असे आभार मानायची वेळ कुणावर येऊ नये.

शौकतला घरी बोलवावं लागलं. त्यानं गळणारे सील बदलले, चांगलं घट्ट तेल मापात भरलं, उरलेला डबा गाडीशेजारी ठेवला आणि गेनूला समोर उभा करून तेलाची पट्टी दाखवली. गाडी सपाट जागेवर लावायची. गरम असताना मोजायचं नाही, निवू द्यायचं. पट्टी काढायची, पुसायची, परत बुडवायची. पट्टीवर दोन खुणा आहेत. तेल त्यांच्या मधे पाहिजे.

"वरच्या खुणेला तेल लागलं म्हणजे इंजिन म्हणतंय, पुरे. त्याच्यावर थेंब घालायचा नाही. कमी तेलानं गाडी आजारी पडते, जादा तेलानं मरते."

"कळलं," गेनू म्हणाला. शौकत जाताना मागं वळून वळून बघत होता.

त्याच दुपारी हरिबांना ताप भरला. आडाच्या पाण्याची अंघोळ बाधली. सगुणानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ताप मोजून कळवा, मग औषध सांगतो. सगुणानं थर्मामीटर गेनूच्या हातात दिला आणि ती काढ्याला तुळस खुडायला गेली.

गेनूनं सासऱ्याच्या कपाळाला हात लावला. गरम. गरम असताना मोजायचं नाही. त्यानं खाटेचे पाय बघितले, एका बाजूला उतार होता. मग म्हाताऱ्यासकट खाट ओढत देवळापुढच्या फरशीवर नेली. ती जागा गावात सगळ्यात सपाट. हरिबा चादरीतून विचारत होते, मला कुठं नेताय? आजूबाजूला माणसं जमली, दोघांनी टोप्या काढल्या. गेनू शेजारी बसून राहिला. डॉक्टरांचा फोन आला तर म्हणाला, अजून निवले नाहीत. निवले की मोजतो.

"निवल्यावर मोजून काय करणार?" डॉक्टर ओरडले.

सगुणा पदर खोचून धावत आली. तिनं ताप मोजला, औषध आणलं, काढा पाजला. नवऱ्याला ती एक अक्षर बोलली नाही. बोलायची तिला भीतीच वाटायला लागली होती. काही बोललं आणि याच्या ध्यानात राहिलं तर?

पण दैव चांगलं. हरिबांचा ताप उतरला. सगुणानं चक्क्याची पातेली गाडीत चढवून बाजार गाठला. घाटात गाडी कुरकुरली नाही, धूर नाही, गळती नाही. सणाचा सगळा चक्का हातोहात खपला. येताना सगुणा गाडीच्या दाराला हात लावून बसली होती. हे आपलं होणार, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

दसरा उजाडला. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. हरिबांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि तिथंच हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. मग पानं मांडली. श्रीखंड-पुरी. वाढायला गेनू.

गेनूनं श्रीखंड वाढलं. हरिबा म्हणाले, पुरे. गेनूनं लगेच हात आखडता घेतला आणि पातेलं घेऊन आत गेला. पुरे म्हटल्यावर थेंब घालायचा नाही. पानावर हरिबांचं तोंड उतरलं. सासरा म्हणून आलो आणि जावई एका वाढीत पातेलं घेऊन आत पळाला, असं त्यांना वाटलं असणार. कुणालाही वाटेल.

सगुणानं आत दात-ओठ खाल्ले आणि न राहवून हळूच बोललीच. "अहो, पुरे म्हणायची पाहुण्याची रीत असतीय. तिथनं पुढंच खरं वाढायचं असतंय. हात आडवा धरला तर हातावरनं वाढायचं. आणि भांडं मोकळं झाल्याशिवाय आत यायचं नाही."

"कळलं," गेनू म्हणाला.

आणि काय सांगू, या खेपेला त्याला खरंच कळलं. त्यानं बाहेर जाऊन वाढलं. हरिबा पुरे म्हणाले, त्यानं वाढलं. त्यांनी हात आडवा धरला, त्यानं बोटांवर वाढलं. "संकोच करू नका मामा, घर आपलंच आहे," म्हणत पातेलं मोकळं केलं. हरिबा हसले. पोट धरून हसले. म्हणाले, पोरगा जरा वेंधळा आहे, पण दिलाचा मोठा आहे. सणाला आलेला भिकू कोपऱ्यात पुरी चावत बसला. जन्मात पहिल्यांदा गेनूनं एक गोष्ट बरोबर केली होती आणि तिचं कौतुक झालं होतं.

हरिबा हात धुवायला उठले. जाता जाता म्हणाले, "जावईबापू, तेवढं तेल बघून घ्या. आलोच मी आवाज ऐकायला."

गेनू बाहेर आला. गाडी सपाट जागेवर, इंजिन गार. पट्टी काढली, पुसली, बुडवली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला.

म्हणजे इंजिन म्हणालं, पुरे.

गेनू गालातल्या गालात हसला. आता त्याला रीत माहीत होती. त्यानं शेजारचा डबा उचलला आणि वाढायला लागला. पट्टी बुडवली. पुरे. आणखी वाढलं. पुरे. इंजिनाला संकोच फार. तेल तोंडाशी येऊन बाहेर ओघळलं तरी गेनूनं हात आवरला नाही. डबा मोकळा झाला तेव्हाच त्यानं झाकण लावलं.

हरिबा येऊन पुढच्या सीटवर टेकले. सगुणा ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. शेजारीपाजारी जमले. हरिबांनी डोळे मिटून कान लावला आणि मान हलवली. गेनूनं चावी फिरवली.

आधी गाडी घुसमटली. मग मागून धुराचा लोट निघाला. झेंडूची माळ दिसेनाशी झाली, सगुणा दिसेनाशी झाली, घर दिसेनासं झालं. इंजिन आपणहून ओरडायला लागलं. हरिबांनी डोळे उघडले.

"पुरे," ते म्हणाले.

गेनूनं त्यांच्याकडं मायेनं बघितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"पुरे रे बाबा, पुरे!" म्हाताऱ्यानं हात आडवा धरला.

हात आडवा आल्यावर गेनूची खात्रीच पटली. त्यानं पाय पार तळाला नेला. बॉनेटखाली काही तरी कडाडलं, खडखडलं, आणि सगळं शांत झालं. धुरात कुठं तरी ताट पडल्याचा आवाज आला. मग भिकूचा आवाज आला, तो दोर कुठं बांधू विचारत होता.

धूर विरला. सगुणा पायरीवर बसली होती, मोकळ्या मडक्यांकडं बघत. हरिबांचा हात अजून आडवाच होता.

गेनूनं खाली उतरून हात जोडले. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"मी अजून वाढणार होतो मामा," तो म्हणाला. "पण गाडीच पानावरनं उठली."