वेशीचा अडसर

“मग दिल्लीनं करायचं तरी काय?” कान्हनाथांनी विचारलं.

“एकच. सीमा राखायची,” हैबतराव सरनोबत म्हणाले. “धान्य, शाळा ज्याच्या त्याच्या राज्यानं बघावं. त्याला नाही जमलं तर गावानं. केंद्राचा पैसा फौजेला.”

“आणि गावालाही नाही जमलं तर?”

“गावाचं नशीब.”

हैबतराव खासदार होते. उद्या संसदेत हेच बोलणार होते. त्यांच्या शब्दावर त्यांच्या गटातल्या खासदारांची मतं पडणार होती, आणि डोंगरातल्या शाळा, रेशनची दुकानं त्या मतांवर अडकली होती.

निघण्याआधी ते खडकमाळला आले होते. पूर्वजांचं गाव. ओसाड. वेशीपाशी एकटे कान्हनाथ राहत. तरुणपणी हैबतरावांनी त्यांचाच गुरुमंत्र घेतला होता.

“आशीर्वाद द्या, महाराज.”

“आधी गाव बघ.”

दिवस कलत होता. दोघं आत गेले. तट चारी बाजूंनी उभा. एक चिरा हललेला नाही. आत घरं, सगळ्यांची दारं लोटलेली. कुत्रं नाही, पाखरू नाही.

हैबतरावांनी तटावर थाप मारली. “याला म्हणतात संरक्षण! हा कधी पडला का?”

“कधीच नाही. दुश्मन आला, चार महिने बसला, कंटाळून गेला.”

“मग माणसं कुठं गेली?”

“कुठंच नाही…”

हैबतरावांचा हात खाली आला.

“तुझा एक पूर्वज तेव्हा बाहेर फौजेत होता. त्यानं बाणाला चिठ्ठी बांधून आत सोडली, आणि फौजेबरोबर पुढं निघून गेला. दुश्मन गेला, वेस उघडा, एवढंच लिहिलं होतं. चिठ्ठी घरोघर फिरली. वाचता एकालाही येईना. दुश्मन रानात दडला असेल, ही त्याचीच धमकी असेल म्हणून त्यांनी अडसर आणखी घट्ट ठोकला.”

“आणि धान्य?”

“ज्याचं त्यानं बघितलं.”

दोघं वेशीपाशी परतले. वेस लावायची वेळ झाली. गावची जुनी रीत होती. अडसर टाकण्याआधी राखणदारानं एकेका घराचं नाव घ्यायचं. घरातून ‘आहे’ आलं, की पुढचं घर. कान्हनाथ ती रीत रोज पाळत.

“देवकाते?”

…

‘आहे’ ऐकल्यासारखी कान्हनाथांनी मान डोलावली.

“गुरव?”

…

पुन्हा मान डोलली.

“महाराज, कुणी बोललं नाही.”

“तुला कसं ऐकू येईल? तू तटाकडं बघतोयस.”

हैबतरावांनी घरांकडं पाहिलं.

“सरनोबत?”

“आहे.”

आवाज आपलाच होता, हे त्यांना मागाहून कळलं.

अडसर सरकला. लाकूड दगडाच्या खोबणीत बसलं. बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला… मग तोही नाही.

“वेस उघडा, महाराज. उद्या मला बोलायचंय.”

“काय बोलणार?”

मागं कुठंतरी एक दार करकरलं. मग दुसरं…

“महाराज, उघडा! मला भीती वाटते.”

कान्हनाथ अडसराला पाठ टेकून खाली बसले.

“भीती कशाची, राव? तट शाबूत आहे.”