मानाचा ट्रॅक्टर आणि ओला बोळा

एका गावात एक भोळा भाचा राहत होता. गाव मामाचं होतं, भोळेपणा मात्र त्याचा स्वतःचा होता. नाव म्हाळू. मिसरूड फुटून बरीच वर्षं झाली होती, पण सांगितलेल्या शब्दाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा बाणा होता.

त्या गावातले बैल केव्हाच बाजारात गेले होते, पण पोळा काही गेला नव्हता. मग बैलांच्या जागी मिरवायचं काय? सरपंचांनी डोकं चालवलं. जुने ट्रॅक्टर मिरवायचे! जो सगळ्यात जुना तो मानाचा, वेशीतल्या तोरणाखालून तो पहिला जाणार. अट एकच. स्वतःच्या इंजिनावर जायचं, ढकलत न्यायचं नाही.

सगळ्यात जुना ट्रॅक्टर निघाला म्हाळूच्या मामाचा, म्हणजे खंडेरावांचा. दोन नंबरला सरपंचांचा. त्यामुळे सरपंचांना आपल्याच कल्पनेचा पश्चात्ताप झाला, पण बोलणार कुणाला?

मामांनी म्हाळूला बोलावलं.

"म्हाळू, उद्या आपल्या घराण्याची इज्जत हाय. काम धड केलंस तर मिरवणुकीत तुला माझ्या शेजारी बसवीन. न्हाई केलंस तर पहिल्या एस्टीनं तुझ्या आईकडं."

"करतो की मामा. काय करू?"

"बैलाचं जे जे करतो, ते ते सगळं याचं कर."

म्हाळूला ट्रॅक्टरवर बसायची फार हौस होती. त्याने ट्रॅक्टरला ओढ्यावरच्या पाण्याने अंघोळ घातली. मडगार्डांना खांदे समजून हळद आणि तूप चोळलं. पोळ्याच्या सकाळी मामींनी पुरणपोळ्या केल्या, तशी त्यातली चळत उचलून तो ट्रॅक्टरपुढे गेला. तोंडाला जाळी होती, ती काही उघडेना. वर सायलेन्सर उघडा दिसला. म्हाळूने एकेक पोळी प्रेमाने त्यात सारली, वरून दुधाचा तांब्या ओतला.

मामांनी हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला, गुदमरला आणि एकदम ठसकला. सगळं पुरण वर उडालं आणि रस्त्याने चाललेल्या सरपंचांच्या कडक इस्त्रीवर उतरलं.

"आरं, हे काय केलंस?" मामा ओरडले.

"नैवेद्य दाखवला. तुम्हीच म्हणालात, बैलाचं जे जे ते ते."

"गाढवा, जुन्या वस्तूला खाऊ घालत न्हाईत, तेल घालतात! जिथं जिथं कुरकुर, तिथं तिथं तेल!"

"आधी सांगायचं की," म्हाळू म्हणाला, आणि तेलाचा डबा घेऊन कुरकुर शोधायला निघाला.

ओसरीवर मामांचे वडील, थोरले आबा, बसले होते. उठताना ते कण्हले.

"काय सांगू पोरा, गुडघे लई कुरकुरतात."

म्हाळूने जास्त ऐकूनच घेतलं नाही. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाचा अर्धा डबा त्याने आबांच्या गुडघ्यांवर रिकामा केला. आबांचं पोळ्यासाठी नेसलेलं नवं धोतर पार कोळसा झालं. आबा मात्र टुणकन उठले आणि काठी घेऊन त्याच्यामागे धावले. म्हणजे उपाय अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

मामांनी कपाळाला हात लावला. "आरं, आधी विचारावं माणसानं! समोरचा 'व्हय' म्हणाल्याबिगर हात लावायचा न्हाई. समजलं?"

"समजलं."

दुपारी मामांनी पुन्हा ट्रॅक्टर चालू करून पाहिला. म्हाळूला शेजारी उभं केलं. "मी बोट वर केलं की ती बंद करायची तार ओढ."

इंजिनाने अचानक वेग घेतला. थांबेचना. काळा धूर, खिडक्यांची तावदानं थरथरताहेत, कोंबड्या छपरावर. मामांनी बोट वर केलं. म्हाळू नम्रपणे बॉनेटपाशी वाकला.

"बंद करू का?"

इंजिन काही 'व्हय' म्हणालं नाही. त्याने पुन्हा विचारलं. या वेळी हात जोडून विचारलं. तेवढ्यात मामांनी स्वतः झेप घेऊन तार ओढली, ती तुटून त्यांच्या हातात आली. नशीब म्हणून शेजारचे शफी मिस्त्री कुंपणावरून उडी मारून आले. त्यांनी गोणपाटाचा तुकडा बादलीत बुचकळला, बोळा केला आणि इंजिनात हवा शिरते त्या तोंडात कोंबला. इंजिन घुसमटलं आणि गप्प झालं.

"विचारत काय बसलास?" मिस्त्री म्हाळूला म्हणाले. "जुनं मशीन असं बेफाम सुटलं, आपणहून थांबेना, की विचारायचं न्हाई. तोंडात ओला बोळा कोंबायचा. आणि पार थंड झाल्याशिवाय काढायचा न्हाई. काढलास की परत पेटतंय."

म्हाळूने हे मनात घट्ट बसवलं. मिस्त्रींनी खटपट करून ट्रॅक्टर पुन्हा चालू केला, पण बजावलं, "खंडेराव, आता तोरण ओलांडेपर्यंत बंद करू नका. बंद पडला तर आज परत उठणार न्हाई."

वेशीत सगळे ट्रॅक्टर रांगेने उभे राहिले. शिंगांच्या जागी बेगड, बॉनेटवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. मामांचा ट्रॅक्टर पुढे, धडधडत. मान मिळणार होता, फक्त पाहुण्यांचं भाषण तेवढं व्हायचं होतं.

पाहुणे होते माजी आमदार. त्यांनी माईक धरला आणि "मी जास्त वेळ घेणार नाही" असं म्हणाले, तेव्हाच जाणती माणसं मांडी घालून बसली. साहेब बैलावर बोलले. मग धरणावर. मग जे धरण झालंच नाही, त्यावरही बोलले. ऊन कलायला लागलं. मामांच्या रेडिएटरमधून वाफ निघायला लागली. सरपंच खुशीत येऊन म्हणाले, "बोला साहेब, अजून बोला! गावाला मार्गदर्शन पाहिजे."

मामांचा चेहरा उतरला. इंजिन आता गचके खात होतं.

"गेला मान," ते मंचावरच्या साहेबांकडे बघत म्हणाले. "कुणीतरी ह्याला बंद करा रे!"

मागून कुणीतरी उसासा टाकला. "जुनं मशीन हाय ते. एकदा सुटलं की आपणहून थांबत न्हाई."

म्हाळूने कान टवकारले. त्याने साहेबांकडे नीट पाहिलं. जुने होते. बेफाम सुटले होते. समोरचा माईकसुद्धा थरथरत होता. म्हाळूने ट्रॅक्टरसाठी सोबत आणलेलं गोणपाट बादलीत बुचकळलं, बादली उचलली आणि मंचावर चढला. या वेळी त्याने विचारलं नाही.

"आणि म्हणून मित्रहो, येत्या काळात आपण..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

एवढी शांतता वेशीने कधी पाहिली नव्हती. मग हलगी कडाडली, मामांनी गिअर टाकला आणि ट्रॅक्टर धापा टाकत, वाफ सोडत तोरणाखालून पहिला पार झाला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मागे वळून हाक मारली.

"म्हाळू! सोड त्यांना! ये, बस माझ्या शेजारी!"

म्हाळूचा जीव ट्रॅक्टरकडे ओढ घेत होता. त्याने एका हाताने साहेबांच्या तोंडातला बोळा दाबून धरला होता. दुसरा तळहात त्यांच्या टकलावर ठेवून पाहिला, आणि तो जवळजवळ रडकुंडीला आला.

"कसा येऊ मामा? हे अजून गरमच हायेत. आत्ता काढला तर भाषण परत पेटंल!"

"काढू नको!" सगळा गाव एका आवाजात ओरडला. त्यात सरपंचांचाही आवाज होता, असं पुढे बसलेले सांगतात.

म्हाळूने मान डोलावली आणि साहेब लवकर थंड व्हावेत म्हणून उरलेली बादली त्यांच्या डोक्यावर पालथी घातली.