केवळाबाईंचं पान

"मग मी बोलू तरी काय, अक्का?"

कालिंदी मठाच्या ओट्यावर टेकली. काखेतली तीन वर्षांची लेक, ओवी, काही खाली उतरायला तयार नव्हती.

पूर्णेच्या काठचा तो लहानसा मठ. अक्का तिथल्या मुख्य. वय झालेलं, पण भंडाऱ्याचं वाढप अजून त्यांच्याच हातात. त्या पत्रावळी पुसत होत्या. मान वर केली नाही.

"कशाबद्दल?"

"आईबद्दल. वर्ष झालं तिला जाऊन. महिला मंडळाच्या बायका मागे लागल्यात. आज भंडाऱ्याची जेवणं झाली की केवळाबाईंच्या आठवणीचे दोन शब्द बोल म्हणतात, तू तिची लेक. मी नाही बोलणार. तेवढंच सांगायला आले."

"बरं."

"का नाही, ते तरी विचारा!"

"मला पत्रावळी पुसायच्यात. तुला सांगायचं असेल तर सांग."

कालिंदीला राग आला. पण किती वर्षांचं साठलेलं. राहवेना.

"कुणाची सून अडली की आई निघाली. कुणी पोरीची शाळा बंद केली की आई त्याच्या दारात जाऊन बसणार. चहासुद्धा घेणार नाही. गावाला ती देवी. मी इकडे घरात शिळ्या भाकरीवर तिखट घालून खायचे."

"हं…"

"आणि तो भंडारा. ह्याच अंगणात. तेव्हा पहिली पंगत पुरुषांची, मुलगेही त्यांच्यात. बायका आणि पोरी मागून, उरलंसुरलं खायला. आई त्या वर्षी पहिल्या पंगतीत जाऊन बसली. मला शेजारी बसवलं. वाढपी आले… आमची पानं सोडून पुढं गेले. आमच्या रिकाम्या पानांवर हरिनामाचा गजर झाला, आणि सगळे जेवायला लागले."

तिने ओवीला मांडीवर घेतलं.

"मी रडत होते. एका म्हाताऱ्याला दया आली. त्यानं आपल्या पानातली मूठभर बुंदी माझ्यापुढं धरली. आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, हातावर नको. पानात वाढा… पंगत उठेपर्यंत आम्ही तशाच बसलो, अक्का."

अक्कांनी हातातली पत्रावळ बाजूला ठेवली.

"पुढच्या वर्षी तिच्या शेजारी आणखी चौघी बसल्या."

"ठाऊक आहे. आता सगळे एकाच पंगतीत बसतात, तेही दिसतं मला. पण मला ती बुंदीच आठवते. आता मला लेक आहे. हिला मी तशी उपाशी नाही ठेवणार. गावासाठी नाही, कुणासाठीच नाही."

"मठात येऊन भांडणारी तू दुसरी." अक्का हसल्या. "नाकाचा शेंडासुद्धा तसाच लाल होतो."

"मी तिच्यासारखी नाही!"

"नसशील… जेवून तर जा. लेकरू भुकेलंय."

पंगत बसली. बाया, बाप्ये, पोरंसोरं, जागा मिळेल तिथं. कालिंदीने ओवीला मांडीवरून उतरवून शेजारी बसवलं, तिच्यापुढं वेगळी पत्रावळ मांडली. ओवीने ती दोन्ही हातांनी सरळ केली.

अक्का बुंदी घेऊन पुढं, वरण-भात आणि पोळ्या घेऊन दोघीजणी मागं. अक्का सोडतील ते पान मागच्यांनी सोडायचं, ही मठाची रीत.

कालिंदीला वाढलं.

ओवीचं पान सोडलं.

पलीकडच्या मुलाला वाढलं, आणि अक्का पुढं गेल्या.

चुकून राहिलं असेल, कालिंदीला वाटलं. मागच्या दोघीही पुढं गेल्या. पंगतीच्या टोकाशी अक्कांनी बुंदी खाली ठेवली आणि गजरासाठी हात जोडले. सगळ्यांनी जोडले.

ओवीने सगळ्यांच्या पानांकडं पाहिलं. मग आपल्या पानाकडं. तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"अगं, रडतीस कशापायी?" समोरचे दगडूकाका पुढं वाकले. त्यांच्या मुठीत बुंदी होती. "धर, माझ्यातली घे."

ओवीने हात पसरला.

कालिंदीने तिचं मनगट धरलं.

"हातावर नको!"

अख्खी पंगत वळली.

"पानात वाढा. तिच्या पानात वाढल्याबिगर कुणी घासाला हात लावायचा नाही."

गजर ओठांवरच राहिला. कुणी घास उचलला नाही. दगडूकाकांची मूठ तशीच…

कालिंदीने आपल्या हाताकडं पाहिलं. त्या हातातल्या इवल्या मनगटाकडं पाहिलं. पाहतच राहिली.

अक्का बुंदी उचलून परत आल्या, मागोमाग त्या दोघीही. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसल्या. ओवीच्या पानात बुंदी वाढली, मग वरण-भात, मग पोळी. एवढं झाल्यावर त्यांनी मागं हाक मारली,

"इथं आणखी एक पान मांडा गं. केवळाबाई आल्यात."