केतकीची होडी

कारखानीस आमच्या कंपनीतले सगळ्यात वरचे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आणि ऑफिसच्या ऑनलाइन ग्रुपचे ॲडमिन. माणूस हुशार, पण दुसऱ्याचं कौतुक झालं की त्यांच्या पोटात दुखायचं. त्यांचे सिनेमांवरचे लांबलचक लेख कोणी वाचत नसे आणि टेस्टिंगमधल्या केतकी लोणकरच्या चार ओळींवर मात्र वाहवा व्हायची. त्यामुळे तिला आवडलेला प्रत्येक सिनेमा ते भिकार ठरवून मोकळे होत.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला. पहिला शो पाहून केतकीने लिहिलं, "शेवटी नायक होडीतून परततो, तिथे मला रडूच आलं."

कारखानिसांनी लगेच ठोकून दिलं, "मीही पाहिला. होडीचा प्रसंग अगदी पोकळ आहे. नायकाला वल्हंसुद्धा धरता येत नाही. ज्यांना सिनेमा कळत नाही, त्यांनी इथे लिहू नये. उद्यापासून केतकीचं लिहिणं बंद."

मग केतकीचं उत्तर आलं.

"सर, सिनेमात होडी नाहीच. तपासणारा खरंच तपासतो का, अशी शंका आली की आम्ही टेस्टिंगवाले मुद्दाम एक चूक पेरून ठेवतो. ही होडी तशीच पेरलेली होती. तपासणी पूर्ण झाली. दोष सिनेमात नाही."