दुसरा भाग पोत्यात

एका गावात एक सून होती आणि तिला वाचायचा नाद होता. तिचे नाव सगुणा. गावच्या वाचनालयातून ती पुस्तक आणी आणि दुपारची भांडी आवरली की सासूला वाचून दाखवी. सासू सोजराबाईंची नजर गेली होती, पण कान मोठे तिखट. चुकून दोन पाने एकदम उलटली तरी त्या म्हणत, "मधलं कुठं सांडलंस?"

त्या वर्षी दोघींनी दोन भागांची एक जाडजूड कादंबरी धरली होती. गलबत घेऊन समुद्रावर गेलेला तांडेल परत येत नाही, म्हणून त्याची बायको एकटीच होडी घेऊन त्याला शोधायला निघते. चहूकडे धुके. एवढ्यात धुक्यातून कुणीतरी तिच्या नावाने हाक मारते आणि तिच्या हातातला कंदील विझतो. पहिला भाग इथेच संपला होता.

सगुणा दुसरा भाग आणायला गेली, तर वाचनालयाला कुलूप.

गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी ती खोली व्यायामाच्या सामानासाठी घेतली होती. पुस्तके पोत्यांत भरून कोपऱ्यात रचली होती. बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले होते, 'सुख सोडा, पुढे पळा.'

सगुणा आप्पासाहेबांच्या दारी गेली. "तेवढा दुसरा भाग काढून देता का? सासूबाई वाट बघतायत."

"पोती शिवून टाकली, सूनबाई," आप्पासाहेब म्हणाले. "आणि कादंबरीवाचून कुणाचं काय अडलंय?"

ज्याचे अडलेले नसते, त्याला हे विचारणे फार सोपे असते.

त्या गावात एक रीत होती. दरवर्षी देवीच्या डोंगराला वळसा घालून लांब पल्ल्याची शर्यत होई. हल्ली तिला मॅरेथॉन म्हणत. जो जिंकेल त्याने देवीसमोर एक मागणे मागायचे आणि गावाने ते द्यायचे. आजवर ही रीत कुणी मोडली नव्हती. सगुणाने घरी येऊन सांगितले, "मी पळणार. जिंकले की खोली उघडून मागणार."

"तू पळणार?" सोजराबाई म्हणाल्या. "पाण्याची कळशी आणताना धापा टाकतेस."

"धापा टाकत पळेन."

तिने देवीपुढे सुपारी ठेवली आणि नेम धरला. सासूने बजावले, "नुसता उपास केला म्हणजे व्रत होत नाही. मुठीत अक्षता घेऊन कहाणी ऐकावी लागते, तेव्हा कुठं ते पुरं होतं. तुझ्या पळण्यालाही कहाणी पाहिजे. जिथवर पळशील तिथून एक घेऊन येत जा."

मग तसेच सुरू झाले. सगुणा पहाटे स्वयंपाक उरकी, देवाला दिवा लावी, पदर खोचून तालुक्याच्या वाटेला लागे. तालुक्याच्या वाचनालयात तांडेलाच्या गोष्टीचा दुसरा भाग नव्हता, पण बाकी पुष्कळ होते. बाकावर बसून ती एक प्रकरण वाची, पाणी पिई आणि पळत परत येई. सोजराबाई उंबऱ्यावर बसलेल्या असत.

"काय झालं मग? त्या वकिलानं खरं सांगितलं का?"

"अजून नाही. उद्या सांगेल."

"मग उद्या जरा पाय उचल. मला दुपारपर्यंत धीर निघत नाही."

आधी आधी सगुणा अर्ध्या वाटेत बसे. पुढे बसेनाशी झाली. गोष्टीत पुढे काय होईल याचा विचार करता करता ओढा मागे पडे, चढ मागे पडे. जत्रांचे दिवस आले, तेव्हा गावोगाव तंबूतला सिनेमा लागू लागला. तंबू जसजसा लांबच्या गावी गेला, तसतशी सगुणाही लांब पळू लागली. संध्याकाळचा खेळ बघून ती नवऱ्याच्या टेम्पोतून परत येई आणि सासूला सगळा सिनेमा करून दाखवी. एकदा सोजराबाई म्हणाल्या, "तुझ्या पावलांवरून वाटतं, हा खलनायक लंगडा आहे."

"तो नाही हो लंगडा. माझी टाच दुखतेय."

सासू हसली आणि तिने टाचेला हळद-तेल चोळून दिले.

आप्पासाहेबांच्या मंडळाची मुले मात्र वेगळ्या तालमीत होती. त्यांना सिनेमा बंद, पुस्तक बंद, गाणे बंद. पळताना बोललेले चालत नसे. हसले तर आणखी एक फेरी. आप्पासाहेब म्हणत, "देवीला त्याग आवडतो." देवीने असे कधी कुणाच्या कानात सांगितले होते कोण जाणे. तिच्या अंगावर बघावे तर हिरवी साडी, नाकात नथ, पुढ्यात पुरणपोळी. जिला एवढे गोडधोड चालते, तिला पोरांनी सिनेमा पाहिला म्हणून राग यावा?

मंडळाचा सगळ्यात तगडा मुलगा विलास. तो वाटेत भेटला की विचारी, "वहिनी, बाजाराला निघालात की शर्यतीला?"

"दोन्हीला. तुम्हाला काही आणायचंय का?"

विलास इकडेतिकडे बघे आणि हळूच म्हणे, "कालच्या सिनेमात शेवटी काय झालं, तेवढं सांगा."

शर्यतीचा दिवस आला. गावात ढोल होते, टाळ्या होत्या, तोवर मंडळाची मुले वाऱ्यासारखी पुढे गेली. त्यांचे पाय सगुणापेक्षा नक्कीच चांगले होते. पण डोंगराच्या पलीकडे उघडा माळ लागतो. तिथे ना झाड ना माणूस. तिथे बघणारे कुणी उरले नाही आणि बिचाऱ्यांना आपल्या दुखऱ्या पायांशिवाय सोबतही कुणी उरले नाही. एकेक जण खाली बसला.

सगुणा माळावर आली तेव्हा तिचेही पाय भरून आले होते. पण तिच्यासोबत तांडेलाची बायको होती. धुक्यात विझलेला कंदील होता. ती हाक कुणाची? नवऱ्याची की दुसऱ्याच कुणाची? विचार करत ती माळ ओलांडून गेली आणि सगळ्यांच्या आधी तिने देवीच्या देवळाच्या पायरीला हात लावला.

संध्याकाळी देवळापुढच्या मांडवात सत्कार होता. त्याआधी आप्पासाहेब मानपत्र घेऊन सगुणाच्या घरी आले आणि त्यांनी ते वाचून दाखवले. 'मंडळाच्या शिस्तीचा आदर्श ठेवून सौ. सगुणाबाईंनी वर्षभर पुस्तकाला हात लावला नाही, सिनेमाचे तोंड पाहिले नाही. कठोर त्यागाचे हे फळ.'

"हे खोटं आहे," सगुणा म्हणाली.

"शोभतं मात्र छान. पोरांपुढं काहीतरी चांगलं नको? तुम्ही माईकवर एवढं एकच वाक्य बोला, की सगळं सोडलं म्हणून जिंकले. मग हवं ते मागा. खोली मागा. मी आडवा येणार नाही."

ते गेले. सोजराबाई म्हणाल्या, "एका वाक्यात खोली मिळतेय, सगुणा. बोलून टाक. त्या बाईचा कंदील विझलाय तो विझलाच आहे. माझं वय काही थांबणार आहे का?"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आले. सासूने असे कधी काही मागितले नव्हते. पण ती म्हणाली, "आई, मी असं बोलले तर उद्या गावातल्या पोरी पुस्तकं टाकून पळायला लागतील. मग ती उघडलेली खोली कुणासाठी? आणि ज्यांनी मला माळावरून आणलं, त्यांनाच मी मांडवात नाकारू?"

सोजराबाईंनी चाचपून तिचा हात धरला. "मला मांडवात पुढं बसव," एवढेच त्या म्हणाल्या.

मांडव भरला. शाल झाली, नारळ झाला. सगुणा माईकपुढे उभी राहिली. "मी काही सोडलं नाही," ती म्हणाली. "रोज पुस्तक वाचलं, तंबूत मिळेल तो सिनेमा पाहिला. त्याच्याच ओढीनं पळाले. गावाकडे माझं मागणं एवढंच आहे, की वाचनालयाची खोली उघडा."

आप्पासाहेब ताडकन उठले. "मागण्याचा मान मंडळाच्या शिस्तीत पळणाऱ्यालाच आहे."

हा नियम तोंडातून बाहेर पडायला जेवढा वेळ लागला, तेवढाच तो जुना होता. वाडवडिलांपासूनची रीत एका माणसाने सर्वांदेखत मोडली आणि खुर्चीवरच्या एकाही प्रतिष्ठिताने तोंड उघडले नाही. एका बाईने प्रामाणिकपणे घाम गाळला, तर घाम चालला, पण तिचा आनंद चालला नाही. ती रडत पळाली असती तर तिची मिरवणूक काढली असती. हसत पळाली, एवढाच तिचा गुन्हा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सोजराबाई म्हणाल्या, "सुनेचं मागणं राहू द्या. मला चार शब्द बोलायचेत. तेवढा माईक इकडं आणा."

म्हातारीला नाही कोण म्हणणार? माईक आला. सोजराबाईंनी पदर सावरला आणि तांडेलाची गोष्ट सांगायला घेतली. ज्या गावाने समुद्र पाहिला नव्हता, त्याच्यासमोर त्यांनी समुद्र उभा केला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या लाटा दाखवत होत्या. बायांनी रडकी पोरे गप्प केली. चहावाल्याने पातेले खाली उतरवले. होडी धुक्यात शिरली. हाक आली. कंदील विझला.

सोजराबाईंनी माईक खाली ठेवला.

मांडवातून विलास उठून उभा राहिला. "आजी, पुढं?"

"पुढचं दुसऱ्या भागात आहे, बाळा. आणि दुसरा भाग पोत्यात."

सगळा मांडव आप्पासाहेबांकडे बघू लागला. विलास म्हणाला, "आप्पासाहेब, चावी द्या की. वर्षभर धड गोष्ट नाही ऐकली आम्ही." बाकीची मुलेही उठून त्याच्यामागे उभी राहिली. मग बाया उठल्या.

आप्पासाहेबांनी खिशात हात घातला. सारा गाव मागे, पुढे आप्पासाहेब आणि त्यांच्या बरोबरीने सुनेचा हात धरून चाललेल्या सोजराबाई. कुलपात चावी फिरवता फिरवता आप्पासाहेबांनी मान वाकवून हळूच विचारले, "ती हाक नवऱ्याचीच होती ना हो?"

"आधी पोतं उसवा," सोजराबाई म्हणाल्या.

तात्पर्य: नेम हाल करून घेतल्याने मोठा होत नाही, तो रोज पाळल्याने मोठा होतो, आणि ज्या आनंदाने आपल्याला शेवटपर्यंत आणले, त्याला चार लोकांत नाकारू नये.